दत्ताचा वार आणि आमची कुत्री

६ फेब्रुवारी, गुरुवार. संध्याकाळी पडवीत बसून दाभणाने कुत्रीचा पट्टा शिवत होते. हा साधा गळपट्टा नव्हे. तो कुत्रीच्या अंगावर चढवतात, त्याला वर कडक दांडी असते, आणि ती दांडी धरून डोळ्यांनी न दिसणारा माणूस चालतो. आमच्याकडे तो माणूस म्हणजे माझा नवरा. दांडीपाशी शिवण उसवली होती, कारण दुपारी हे मासळीबाजाराच्या नाक्यावर डंपरसमोर पडले होते.

डंपरवाल्याने ब्रेक मारला म्हणून गुडघ्यावर निभावलं. लोकांनी रिक्षातून घरी आणून सोडलं आणि जाताना कुत्रीला शिव्या घातल्या. त्यातल्याच काहींनी तिला त्या आठवड्यात बिस्किटं चारली होती, हे मला चांगलं ठाऊक होतं.

ह्यांची नजर काचबिंदूने गेली. आमची बोर्लीच्या बाजाराला लागून पिठाची गिरण आहे. कान आणि बोटं शाबूत असली की गिरण चालवता येते, हे ह्यांनी करून दाखवलं. अडचण होती ती घरापासून गिरणीपर्यंतच्या रस्त्याची. वाटेत आडव्यातिडव्या लावलेल्या मोटारसायकली, वळणारी एसटी, उघडं गटार. काठीने भागेना. रोज मी सोडायला जायची, रोज आणायला जायची, आणि ते कुणाच्यातरी खांद्याला धरून चालायचे. ह्यांना ते सहन होत नव्हतं. मलाही नव्हतं.

चौकशी केली तर कळलं, शिकवलेला कुत्रा आपल्याकडे मागून मिळत नाही. मग किहीमच्या एका बंगल्यातली लॅब्रॅडोर आणली. मुंबईच्या मालकांनी हौसेने घेतली होती, मोठी झाल्यावर नकोशी झाली. पोलिसांच्या श्वानपथकातून निवृत्त झालेले एक गृहस्थ शिकवायला यायचे. त्यांनी कुत्रीपेक्षा आम्हालाच जास्त झापलं. त्यांचा नियम एकच. पट्टा अंगावर आहे तोवर ती कामावर आहे. तिला कुणी हात लावायचा नाही, हाक मारायची नाही, खायला तर मुळीच घालायचं नाही.

मी दुकानादुकानात जाऊन हे सांगितलं. सगळ्यांनी माना डोलावल्या.

पण गुरुवारी अर्धा गाव मासे खात नाही. कोळणींच्या पाट्यांत माल उरतो. त्यात दत्ताचा वार, आणि दत्ताच्या पायाशी कुत्री. उरलेलं बांगड्याचं मुंडकं टाकलं की पाटी हलकी होते आणि पुण्यही लागतं. दत्ताच्या नावाने मासळीचं पुण्य कसं मिळतं, ते त्यांनाच ठाऊक. मी हटकलं की लोक वर मलाच ऐकवायचे, मुक्या जनावराला उपाशी राबवतेस, तुला पाप लागेल. कुत्री दोन वेळा पोटभर जेवत होती. तिचं अंग बघूनही कुणाला ते कळत नव्हतं. कित्येक महिन्यांत शिकलेलं ती थोड्याच गुरुवारांत विसरली. त्या दुपारी नाक्यावरच्या कोळणीने टाकलेलं मुंडकं रस्त्यापलीकडे पडलं आणि ती ह्यांना घेऊन सरळ तिकडे निघाली.

पट्टा शिवत होते तेवढ्यात थोरले दीर आले. बसले पण नाहीत.

“उद्यापासून गिरण मी बघतो. त्याला घरी बसव. कुत्र्याच्या भरवशावर कुणी माणूस सोडतं का?”

हे समोर खुर्चीवर बसले होते. दीर बोलत होते माझ्याशी.

मी दाभण खाली ठेवलं आणि तशीच नाक्यावर गेले. ती कोळीण पाटी आवरत होती. तोंडाला आलं ते सगळं मी तिला सुनावलं. तिने ऐकून घेतलं, हात पुसले आणि म्हणाली, “मी कशाला बोलावू, वहिनी? दादाच थांबतात. दर गुरुवारी थांबतात. न्हाय थांबले तर मी काय मुंडकं घेऊन मागं धावते?”

घरी येऊन ह्यांना विचारलं. नियम माहीत असताना का थांबत होता?

हे गुडघा चोळू लागले. मग म्हणाले, “कुत्रीला घालताना लोक माझ्याशी दोन शब्द बोलतात. एरवी सगळे तुलाच विचारतात, हे कसे आहेत म्हणून.”

दोन शब्दांसाठी डंपरखाली जाणार होतात का, म्हणून मी ओरडले. ओरडले ते बरोबरच होतं. पण स्वयंपाकघरात गेले तेव्हा राग दुसरीकडेच वळला होता. लग्नाच्या पंगतीत वाढपी मला विचारतो, ह्यांना जिलबी वाढू का. डॉक्टर मला विचारतात, ह्यांना झोप लागते का. माणसाचे डोळे गेले की गावाच्या लेखी त्याचे कान आणि जीभही जाते. कुत्रीशी लाडाने बोलायला ह्याच गावाला वेळ असतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्याच कोळणीकडून बांगड्याची मुंडकी घेतली आणि नाक्यावर माझ्या हाताने रस्त्याच्या कडेला टाकली. ह्यांना म्हटलं, चला. कुत्रीने मान वळवली. ह्यांनी दांडी खेचली आणि ‘सोड’ म्हणाले. ती गेलीच मुंडक्याकडे. आम्ही मागे फिरलो, पुन्हा आलो. पुन्हा गेली. किती फेऱ्या झाल्या कोण जाणे. बाजार तमाशा बघत होता, बघू दे. शेवटी ती थांबली, नाक फेंदारलं आणि सरळ पुढे चालू लागली.

गिरणीच्या पायरीवर दीर उभे होते. त्यांनी माझ्यापुढे चावीसाठी हात केला. चावी ह्यांच्या खिशात होती. ह्यांनी चाचपून कुलूप उघडलं आणि आत गेले.

पहिलं गिऱ्हाईक तांदळाचा डबा घेऊन माझ्यापाशी आलं. भाकरीचं पीठ हवंय, बारीक निघेल ना, असं मला विचारलं.

“गिरणवाले आत बसलेत,” मी म्हटलं, “त्यांना विचारा.”

आणि केरसुणी घेऊन मागची खोली झाडायला गेले.