दूध संस्थेच्या जीपमधला बेसचा डबा

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, कारण गाढवपणा माझाच आहे. मधी मधी दात काढलेले मला चालत नाहीत!

शिरूर कासारच्या अलीकडं आमच्या गावात बायकांची दूध संस्था आहे. अध्यक्ष मीच. शाळा चौथीपर्यंत, पण आवाज पुरतो. त्या साली पाऊसच झाला नाही. निम्मी जनावरं छावणीला गेली, दूध आटलं, अन् संस्थेची जीप दारात उभी. बाया म्हणायला लागल्या, विकून टाका. मी म्हटलं, "विकायची न्हाई! लग्नाच्या भाड्यानं फिरवू."

सिरसाळ्याचं एक लग्न मिळालं. पण नवरदेवाची अट काय? गाडीत धडधड वाजलं पाहिजे!

ड्रायव्हर बबननं बीडहून बेसचा मोठा स्पीकर आणला. त्याला डबा करणार कोण? सुतार ऊसतोडीला गेलेला.

"लाकडाचा डबाच ना? आण हातोडा!" मी म्हटलं.

मागच्या सीटखाली बसेल एवढाच करायचा होता. जुन्या कपाटाच्या फळ्या कापल्या, ठोकल्या.

बबन म्हणाला, "काकू, स्पीकरच्या बाजूला मुठीएवढं भोक ठिवा. अन् आत जरासा कापूस, पिंजून, सैल. मंग बारक्या डब्यातबी मोठ्यावानी घुमतंय."

"बरं, बरं. तू च्या पी जा."

आता तुम्हीच सांगा, जराशा कापसानं एवढं घुमतं, तर गच्च भरल्यावर काय होईल? अन् कापूस भरायचं हा मला शिकवणार? बोजे तुडवण्यात माझी हयात गेली! एक पाय डब्यात घातला अन् टाचेनं दाबून दोन पाट्या कापूस बसवला.

भोक तर मला पटेचना. कापसात उंदीर शिरला म्हणजे? कणगीला ठेवतो का कुणी भोक? ठेवलेलं भोक शेण-माती कालवून झकास लिंपून टाकलं.

"काकू, एकदा वाजवून बघू का?"

"नवरदेवाच्या आधी? अकलेचं दिवाळं निघालं का तुझ्या?"

लग्नाच्या दिवशी मानानं पुढं मीच बसले. मारुतीच्या पाया पडून नवरदेव मागं येऊन बसला. पोरं नाचायला तयार. बबननं बटण दाबलं.

हूंऽऽ.

काय सांगू! गोधडीखाली म्हैस कण्हावी, तसं!

"आवाज वाढव की बे!" पोरं ओरडली. बबननं वाढवला. लिंपण ताडकन उडालं ते थेट नवरदेवाच्या पांढऱ्या पँटीवर! मागोमाग धूर. अन् मशीन जे गप झालं ते कायमचंच.

"हे काय हाय?" नवरदेव किंचाळला.

"शेण," मी म्हटलं. खोटं कशाला बोलायचं?

बबननं कपाळाला हात लावला. "काकू, कापूस किती भरलाय ह्यात?"

"मावला तेवढा."

तिसऱ्या दिवशी मीटिंग. जीप विकायचा ठराव आमची सेक्रेटरी सुंदराबाई लिहायलाच बसली होती, तेवढ्यात तिचा फोन वाजला. सिरसाळ्याचा माणूस.

"ती मुकी जीप तुमचीच का, बाई? दहाव्याला पाव्हणे न्यायचेत. बाकीच्या ड्रायव्हरांचा हात गाण्याच्या बटणावरून निघत न्हाई हो, मयतीच्या कामालाबी!"

आठवड्यात आणखी तीन दहावे आले, दोन तेरावे.

सुंदराबाईनं ठराव नव्यानं लिहिला. जीप विकू नये. डबा आहे तसाच राहू द्यावा, कुणी दुरुस्त करू नये. आणि अध्यक्षांनी यापुढे गाडीपासून दहा हात लांब राहावे.

एकमतानं पास! खाली अध्यक्षांची सही लागते.

केली.