मागच्या सीटचं माप

तुमच्या घरच्या गाडीवर मागं कोण बसतं? आणि गाडी घेताना तुम्ही तिला एकदा तरी बसवून बघितलं होतं का? खरं सांगा. ॲव्हरेज विचारलं असेल, इंजिनाचा आवाज ऐकला असेल, टायरला लाथ मारून बघितली असेल. पण जी बाई पुढची दहा वर्षं त्या गाडीवर मागं बसणार, ती तेव्हा घरी भाकरी थापत होती. हो ना?

वाटूरच्या दैवशालाबाईचंही तसंच झालं असतं. पण दैवशालाबाई शिलाईवाली. मापाशिवाय कशावर विश्वास ठेवायची तिला सवयच नव्हती.

तीस वर्षं पायमशीन चालवलं तिनं. पुढच्या खोलीत गावातल्या एकोणीस पोरींना फुकट शिवण शिकवलं. पोरी लग्न होऊन पांगल्या, कुणी परभणीकडं, कुणी हिंगोलीकडं, कुणी पार बिदरच्या अलीकडं. फोनवर प्रत्येकीचं एकच पालुपद, "बाई, एकदा या ना घरी." बाई म्हणायची, येते गं, यांना रिटायर तर होऊ दे. नवरा रखमाजी विजेच्या खांबावर चढणारा लाइनमन, त्याला रविवार कुठला? शेवटी तो रिटायर झाला, तर तोवर हिचे गुडघे गेले. डॉक्टरनं फोटो उजेडाला धरला आणि म्हणाला, झिजलेत. मग काय, सगळं गाव डॉक्टर झालं. एका जागी बसा म्हणे.

"तीस वर्षं बसून बसूनच गेलेत ना हे," दैवशालाबाई भडकायची, "अन् वरून आणिक बसा?"

तेवढ्यात लायबाचा फोन आला. एकोणीस पोरींतली सगळ्यात हट्टी. औंढ्याच्या पुढं दिलेली. तिनं सासरी शिवणक्लास काढला होता, मशिनी आल्या होत्या, पोरींची नावं लिहून झाली होती.

"बाई, पहिलं कापड तुमी कापायचं. तुमी येईस्तोवर कात्री लावणार न्हाई मी."

"अगं, माझ्या पायाचं तुला ठाऊक हाये ना?"

"ठाऊक हाये. मी थांबते."

झालं. आता तिकडं पोरी रिकाम्या बसल्या होत्या आणि मशिनी झाकलेल्या. एसटीची पायरी दैवशालाबाईला चढवत नव्हती. एक वेळ भाड्याची जीप करता आली असती, पण बाकीच्या अठरा घरांचं काय? तेव्हा नवराबायकोनं ठरवलं, लांब पल्ल्याची एखादी जुनी मोटारसायकल घ्यायची. घरची फटफटी तालुक्यापलीकडं गेली की धापा टाकायची.

जालन्यात राधेश्याम शेठच्या दुकानात एक काळी गाडी उभी होती. बुटकी, रुंद, चकचकीत, मागं टेकायला उशी. रखमाजीनं वर बसून आरशात स्वतःला बघितलं आणि सौदा तिथंच झाल्यासारखा होता.

"वैनी, सोफा हाये सोफा," राधेश्याम म्हणाला. "चौकापर्यंत एक चक्कर मारून या."

"चौकापर्यंत न्हाई. राजूरपर्यंत."

"गणपतीला?"

"गुडघ्याला," दैवशालाबाई म्हणाली आणि एका बाजूला पाय सोडून बसली, तीस वर्षं बसत आली तशी.

पहिले पाच किलोमीटर खरंच सोफा. दहाव्याला गुडघ्यात सळई घातल्यागत झालं. पंधराव्याला तिनं रखमाजीच्या खांद्यावर थाप मारली. उतरली, तर पाय सरळ होईना. रस्त्याकडेच्या लिंबाला धरून ती उभी राहिली, डोळ्यांत पाणी. ते दुखण्याचं होतं की रागाचं, तिचं तिला ठाऊक.

"सवय होईल," रखमाजी म्हणाला.

वाईट माणूस नव्हता तो. पण त्या घडीला त्यानं गप्प बसायला पाहिजे होतं.

"सवय? मला सवय होईल? अन् तुमी आरशात बघत गाडी चालवाल? वळवा माघारी!"

राधेश्यामला किल्ली परत दिली. तो म्हणाला, काकू, या वयात गाडी बदलून काय होणार, गुडघे बदला. मघाची वैनी पंधरा किलोमीटरमध्ये काकू झाली होती.

घरी आल्यावर मात्र तिनं रडगाणं लावलं नाही. तिला आपलाच धंदा आठवला. पोरींना पहिल्या दिवशी ती एक गोष्ट सांगायची, गिऱ्हाईक माप देतं उभं राहून आणि कपडा घालतं बसून, म्हणून बैठकीचं माप वेगळं घ्या. मग गाडीला बैठकीचं माप नको का? तिनं टेप घेतला. ठेंगणं स्टूल, मशिनीचं स्टूल, प्लास्टिकची खुर्ची, खुर्चीखाली वीट. प्रत्येकावर अर्धा अर्धा तास बसली आणि गुडघा कधी बोलतो ते बघत राहिली. भिंतीवर खडूच्या रेघा ओढल्या. दोन दिवसांनी उत्तर निघालं. बुडाखालून तळव्यापर्यंत अठरा इंच. त्याच्या आत आलं की गुडघा जास्त दुमडतो आणि ओरडतो.

दुसरंही एक उत्तर निघालं, आणि ते अवघड होतं. अंग एका बाजूला पिळून बसलं तर कुठलंच माप लागू पडत नव्हतं. दोन्ही पाय दोन्हीकडं आणि दोन्ही तळवे टेकलेले पाहिजेत.

तिनं त्याच दिवशी जाड कापडाचा सैल पायजमा बेतला, गुडघ्याशी चुण्या ठेवून. धाकटी जाऊ साधना दारात येऊन उभी राहिली.

"आक्का, हे कुणाचं?"

"माझं."

"दोन्हीकडं पाय टाकून बसणार तुमी? गावातून? लोक काय म्हणतील?"

"लोकांचे गुडघे दुखतेत का माझे?"

"बाईमाणसाला शोभतं का ते?"

"रानात खुरपायला उकिडवं बसलेलं शोभतं. डोक्यावर दोन हंडे शोभतेत. अन् नीट बसलेलं तेवढं शोभत न्हाई व्हय गं? जा, चहा टाक."

मग जालन्यातल्या जुन्या गाड्यांच्या दुकानांत एक नवीनच गिऱ्हाईक फिरू लागलं. गळ्यात टेप घातलेली बाई. ती इंजिनाचं विचारायची नाही, मीटर बघायची नाही. मागची सीट ते फुटरेस्ट, एवढंच मोजायची. चौदा. पंधरा. साडेचौदा. एका दुकानात गल्ल्यावरचा दात काढत म्हणाला, "काकू, गाडीला ब्लाउज शिवता काय?"

"तुझ्या गाडीचं मापच चुकलंय बाबा. कुणीबी शिवलं तरी उसवावंच लागंल."

तिसऱ्या फेरीत ते दोघं मंठा चौफुलीजवळ गयासोद्दीन मिस्त्रीच्या पत्र्याच्या शेडमध्ये पोचले. मिस्त्रीनं हात पुसले आणि पहिलाच प्रश्न केला, "मागं कौन बैठनेवाला? भाभी, तुम्ही? मंग पहिले तुम्ही बसा. भाईसाहब बाद में."

दैवशालाबाईनं रखमाजीकडं बघितलं. रखमाजीनं पायातल्या चपलेकडं बघितलं.

कोपऱ्यात एक उंच गाडी होती. टाकीवर ओरखडे, मागं सामान बांधायचे लोखंडी सांगाडे, रूप काहीच नाही, उंटासारखी उभी. पण बैठक सपाट, पाठ ताठ राहील अशी. टेप लावला. साडेसोळा.

"दीड इंच कमी हाये," दैवशालाबाई म्हणाली.

"पट्टी टाकून फुटरेस्ट एक इंच खाली घेतो. त्याच्यापेक्षा जास्त घेतलं तर वळणावर घासंल."

"मंग अर्धा इंच सीट वर घ्या. कडक फोम टाका, मऊ न्हाई. मऊ दबतो अन् माप खातो. कव्हर मी शिवते."

"भाभी, सीटला मोटी सुई लागते."

"ताडपत्र्या शिवल्यात मी."

मिस्त्री हसला. मग त्यानं न विचारता गाडीचे दोषही सांगितले. पेट्रोल जास्त पिते, पार्ट उशिरा येतात, मागचा स्प्रिंग दोघांच्या वजनाला बसवून घ्यावा लागेल. रखमाजी वर चढला, तर त्याचा डावा तळवा पूर्ण टेकला आणि उजव्या पायाची नुसती बोटं.

"माझे पाय बराबर टेकून न्हाई राह्यले," तो कुरकुरला.

"तुम्हाला थांबताना टेकायचेत. मला पूर्ण रस्ताभर."

तो खाली उतरला आणि त्यानं बैठकीची उंची हातानं मापली. मग म्हणाला, "पण तू चढशील कशी एवढ्या उंच?"

प्रश्न बरोबर होता. आणि तीस वर्षांत तिच्या गुडघ्याबद्दल त्यानं विचारलेला पहिलाच. त्याचं उत्तरही त्यानंच काढलं. खांबावर चढणारा माणूस, पायऱ्यांची अक्कल त्याला होती. त्यानं दोन पायऱ्यांचा हलका लाकडी घोडा केला आणि त्याला सुती पट्टा बांधला. तो गाडीवर बसून दोन्ही पाय रोवणार, ती घोड्यावरून बैठकीवर जाणार, मग पट्ट्यानं घोडा वर ओढून सांगाड्याला अडकवणार. उतरताना उलटं. माप बसवून गाडी घरी आली आणि चार दिवस दारात सराव चालला. साधना भिंतीआडून बघायची. पाचव्या दिवशी ती न राहवून बाहेर आली आणि म्हणाली, "आक्का, उजवा हात आधी त्यांच्या खांद्यावर ठेवा, मंग पाय टाका." ते बरोबर निघालं.

गाडी पुन्हा राजूरच्या रस्त्यानं काढली. पंधराव्या किलोमीटरला तो लिंब आला. रखमाजीनं वेग कमी केला.

"थांबू का?"

"कशाला? चला."

त्याच आठवड्यात एका सकाळी ती दोघं वाटूरहून निघाली. मंठा गेलं, जिंतूर गेलं. दर तासाला उतरायचं, दहा मिनिटं चालायचं, हा नियम तिनंच घातलेला. गुडघे दुखले नाहीत असं नाही. झिजलेले गुडघे कुठल्या गाडीनं भरून येत नाहीत, कुणी तसं सांगत असेल तर थापा मारतोय. पण ते अडले नाहीत. औंढा ओलांडून लायबाच्या दारात गाडी लागली, तेव्हा दैवशालाबाईनं घोडा सोडला, उतरली, आणि कुणाचा हात न धरता ओसरीवर चढली.

लायबानं तिच्या पायजम्याकडं बघितलं, चुण्यांवरून हात फिरवला. "बाई, हे पोरींना शिकवू का?"

"आधी शिवण सरळ येऊ दे त्यांची."

मग तिनं कात्री घेतली आणि उभ्यानं, एका दमात, पहिलं कापड कापलं. पोरींनी मशिनींवरची फडकी काढली.

बाहेर रखमाजी कंबरेवर हात ठेवून वाकडा उभा होता. "आगं, त्या पुढच्या सीटनं पार कंबर मोडली माझी."

"सवय होईल," दैवशालाबाई म्हणाली. आणि मग टेप काढून त्याची बैठक मोजायला लागली.

अठरा घरं अजून राहिलीत. ती दोघं जातील, त्यांची काळजी नको. तुमचं बोला. आज घरी गेलात की तुमच्या मागं बसणारीला गाडीवर बसवा, स्वतः खाली वाका, आणि तिचा पाय कुठं टेकतो आणि कुठं लोंबकळतो ते डोळ्यांनी बघा. मग तिलाच विचारा, कुठं दुखतं. आणि ती सांगेल तेव्हा कृपा करून "सवय होईल" एवढं म्हणू नका.