गडवाभर झिऱ्याचं पाणी

थोरल्या जावेने अन्न सोडून आठ दिवस झाले होते. औषधांनी तिचं तोंड पार बिघडलं होतं. नळाचं पाणी असो की बाटलीतलं, लोखंडाचा वास येतो म्हणायची. त्या दिवशी दुपारी म्हणाली, "झिऱ्याचं पाणी आन. तेवढं पिईन."

झिरा म्हणजे नदीच्या वाळूत हाताने खणलेला खड्डा. आम्ही दोघी नांदायला आलो तेव्हा सगळा गाव त्यावरच पाणी पीत होता. मला खणायला तिनेच शिकवलं, आणि "हिच्या हाताले पाणी लागत नाही" हेही गावभर तिनेच सांगितलं.

ऊन उतरल्यावर गडवा आणि करवंटी घेऊन निघाले. नदीच्या काठावर उपसलेल्या वाळूचे ढीग आहेत, घराएवढाले. वाट अशी नाहीच. एक पाऊल वर टाकलं की अर्धं मागे येतं. शेवटचा ढीग उतरून वळणावरच्या बाभळीखाली खणायला बसले. आमचा झिरा तिथेच असायचा. त्या खुणेवर विसंबले, चुकलंच माझं. बाभूळ जागेवर होती, पण यंत्रांनी नदी इतकी खरवडली होती की झाडाची मुळं माझ्या डोक्यावर लोंबत होती. वीतभर वाळू निघाली, खाली मुरूम. करवंटी फुटली. मग बोटांनी उकरलं. कोपरापर्यंत हात गेला, तरी ओल नाही. आणखी दोन जागा बघितल्या. पलीकडे यंत्राच्या खड्ड्यात हिरवं पाणी होतं, त्यात म्हशी बसल्या होत्या. दिवस बुडाला.

घरी आल्यावर वाटलं, नळाचंच भरून द्यावं. नाही दिलं. तिला कळलं असतं.

"निघालं नाही," मी म्हणाले.

"तुह्या हाताले कधी लागलं व?"

"वाळूच नाही राह्यली तिथं."

"नदीतली वाळू कुठी जाते? खणता येत नाही, असं सांग."

"हाव. येत नाही."

"उद्या मले ने. मी दाखवतो."

तिला कूससुद्धा बदलता येत नव्हती. "नेतो," म्हणाले, आणि लुगड्यातली वाळू झटकायला अंगणात गेले.

नंतरचे दोन दिवस तिने ओठ उघडलेच नाहीत. तिसऱ्या दिवशी गेली. गेलेल्याच्या तोंडात पाणी घालतात, ते मीच घातलं. नळाचं होतं. गालावरून ओघळून उशीवर सांडलं.