सुई उडेना

भुतांच्या अनुभवांच्या या धाग्यावर मी नुसती वाचायला यायचे, तेही हसायला... भुताखेतांवर माझा काडीचाही विश्वास नाही. कारखान्यात मशीनची थरथर मोजणं हे माझं रोजचं काम, त्यामुळे एखादी वस्तू का हलली ते मी सांगू शकते. इथे मात्र उलटं आहे — जे हलायला हवं ते हलत नाही.

आईबाबांचं घर देवळाली कॅम्पातलं, जुनं. वरच्या खोलीची जमीन लाकडी फळ्यांची आणि तिथेच बाबांचा रेकॉर्ड प्लेअर. लष्कराचा तोफांचा सराव सुरू झाला की खिडक्या वाजायच्या, सुई उडायची. पण बाबांचा राग तोफांवर नाही, आईवर. गुडघ्यांमुळे तिचं पाऊल जड पडायचं. ती चहा घेऊन आली की गाणं दोन ओळी पुढे! मग बाबा करवादायचे, "हळू चाल गं, सुई उडतेय." ती म्हणायची, "अहो, मग काय हवेतून चालू?"

रोजची कटकट नको म्हणून शेवटी मीच प्लेअरखाली शहाबादी फरशी ठेवली आणि फरशीखाली सायकलची ट्यूब, थोडीशीच हवा भरून. सुई उडणं बरंच कमी झालं. आई म्हणाली, सुटले बाई एकदाची.

गेल्या वर्षी आई गेली. तेराव्यानंतर बाबांनी फरशी, ट्यूब सगळं काढायला लावलं. आता कोण चालणार आहे, म्हणाले. प्लेअर परत नुसत्या स्टुलावर आला.

पुढे एका दुपारी मी तिथे असताना तोफा सुरू झाल्या. कपाटात कपबश्या किणकिणत होत्या, गाणं मात्र सुरळीत. मला राहवेना. मी शेजारी उड्या मारल्या. सुईचा भार कमी केला, म्हणजे ती चटकन उडायला हवी... नाही. कामावरचं मीटर आणून लावलं, तर स्टूल चांगलंच थरथरत होतं. प्लेअर माझ्या गंगापूर रोडच्या फ्लॅटवर आणला, तिथे मी नुसती चालले तरी सुई उडाली. कॅम्पात परत नेला — पुन्हा जैसे थे.

मी बाबांना फळ्या, स्टूल, भार असं काय काय समजावत बसले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"जन्मभर हळू चाल, हळू चाल म्हणत राहिलो," ते म्हणाले. "आता ऐकलं तिनं."

आणि रडायला लागले. आई गेल्यापासून पहिल्यांदाच. मलाही आवरलं नाही.

कारण मला आजही सापडलेलं नाही. तुम्हाला सुचलं तर सांगा, मात्र बाबांपर्यंत ते मी नेईन असं वाटत नाही.

हल्ली चहाच्या वेळी ते रेकॉर्ड लावून दाराकडे बघत बसतात. परवा मी चहा घेऊन वर जात होते, तर त्यांचा आवाज आला.

"उडू दे गं सुई. चाल जोरात."

मी जिन्यातच थांबले. गाणं शेवटपर्यंत नीट वाजलं.