इंदूकाकूंचा खेकडा

धाराशिवला बदली झाली तेव्हा मी इंदूकाकूंच्या घरी वरच्या खोलीत भाड्यानं राहायला गेले. पहिल्याच संध्याकाळी पाहिलं, ऊन अजून भिंतीवर होतं आणि काकू घरभर फिरून एकेक दिवा लावत होत्या. देवघर, स्वयंपाकघर, न्हाणी, मागची कोठीची खोली, सगळीकडं लख्ख. शिवाय गळ्यात दोरीनं अडकवलेली बॅटरी. मी काही विचारायच्या आतच म्हणाल्या, "अंधाराचं आन् माझं जमत न्हाय बाई." लहानपणी ईट या त्यांच्या गावी लपंडाव खेळताना त्या धान्य साठवायच्या अंधाऱ्या बळदात लपल्या आणि बाकीची पोरं जेवायला निघून गेली. "कुनाच्या ध्यानातच न्हाय म्या! ताटात भाकरी उरली, तवा आठवन झाली." हे त्या हसत सांगायच्या, पण बॅटरी काही गळ्यातून काढायच्या नाहीत.

काकूंचा मुलगा आणि सून रूपाली पुण्याला असायचे. रूपालीनं एका हिवाळ्यात नर्सरीतून दोन सारख्या कुंड्या घेतल्या, एक स्वतःला, एक सासूला. ख्रिसमस कॅक्टस. काटे नाहीत, चपटी पानं सांध्याला सांधा जोडल्यासारखी, आणि टोकाटोकाला गुलाबी फुलं. काकूंनी त्याचं नाव खेकडा ठेवलं. ती फुलं गळाली, आणि पुढच्या हिवाळ्यात खेकड्यानं एकही कळी धरली नाही. रूपाली फोनवर सहज विचारायची, "आई, फुललं का हो?" काकूंना ते लागायचं. "तिला वाटत आसंल, सासूच्या हाताला गुनच न्हाय." मग त्यांनी ताक घातलं, चहाचा चोथा घातला, शेजारणीकडून अंड्याची टरफलं मागून आणली. झाड हिरवंगार; फुलाचा पत्ता नाही.

शेवटी मला हुकूम झाला, "त्या मोबाईलमधी बग की, काय दुखतंय त्याला."

मी वाचलं आणि मला हसू आवरेना. दसऱ्यापासून पुढं काही आठवडे या झाडाला दिवस मावळल्यापासून उजाडेपर्यंत मिट्ट अंधार लागतो. मध्येच दिवा लागला की कळ्यांचं काम बिघडतं. काकूंनी कपाळावर हात मारला. "सूनबाईनं हुडकून हुडकून हेच आनलं का?"

आधी त्यांनी कुंडीवर टीव्हीचं रिकामं खोकं पालथं घातलं. पण थोड्या थोड्या वेळानं ते उचलायच्या आणि आत बॅटरीचा झोत टाकायच्या.

"अहो काकू, काय करताय?"

"झोपलंय का बगायलेय."

तो हंगाम असाच वाया गेला. पुढच्या दसऱ्याला खेकडा कोठीच्या खोलीत गेला. तिथं खिडकीतून दिवसाचा उजेड भरपूर यायचा. काकूंनी स्टुलावर चढून तिथला बल्ब काढला आणि माझ्या हातात दिला. "वर घेऊन जा. माझा मलाच भरवसा न्हाय."

पंचाईत अशी की ज्वारीच्या पिठाचा डबा त्याच खोलीत होता. काकू उजेडातच पीठ काढून ठेवायच्या. एका संध्याकाळी विसरल्या. तवा तापलेला, काकू कोठीच्या उंबऱ्यावर थबकलेल्या. मी म्हटलं, "मी आणते." त्यांनी मला हातानं अडवलं, बॅटरी गळ्यातून काढून माझ्याकडं दिली आणि आत शिरल्या. आतून मोठ्यानं आवाज येत होता, "ए खेकड्या, म्या हाय रं! भिऊ नको. लगीच जाते." भांडी धडाधड पडली. काकू बाहेर आल्या तेव्हा नाकाला, पदराला पीठ लागलेलं. धाप लागली होती, पण चेहरा असा की जणू शर्यत जिंकून आल्यात. त्या दिवसापासून त्या पीठ मुद्दाम अंधार पडल्यावरच आणायला लागल्या.

दिवाळीनंतर टोकांवर तांबूस ठिपके दिसले. नाताळात खेकडा असा फुलला की कुंडी दिसेना. त्याच सुट्टीत रूपाली येणार होती. काकूंनी तिच्यासाठी भाषण तयार केलं आणि मला जिन्यात गाठून रोज म्हणून दाखवायला लागल्या. रोज त्यात एक वाक्य वाढायचं. "या सूनबाई! तुमच्या पुन्याच्या नर्सरीवाल्याला सांगा, धाराशिवच्या म्हातारीनं फुलवलं म्हनून. कुनाच्या हाताला गुन न्हाय, ते बगून घ्या डोळे उघडून."

रूपाली आली. कुंडीसमोर मटकन बसली. "आई, माझं तर पहिल्याच उन्हाळ्यात मेलं हो. तुम्हाला सांगायची लाज वाटली. निदान तुमचं तरी जगलंय ना, म्हणून सारखी विचारायचे."

काकूंनी तोंड उघडलं. मला वाटलं, आता भाषण. काकूंनी तोंड मिटलं, मग म्हणाल्या, "आगं, पुन्यात तरी झाडाला जागा कुठं आस्ती? ऊठ, चहा घे."

नंतर स्वयंपाकघरात माझ्याजवळ येऊन कुजबुजल्या, "येवढं पाठ केल्तं गं, समदं वाया गेलं!"

गेल्या वर्षी काकू गेल्या. मी भेटायला गेले तेव्हा रूपाली डोळे पुसत म्हणाली, "इतक्या वर्षांत आई मला एक शब्द टोचून बोलल्या नाहीत. त्यांना तसलं काही सुचायचंच नाही."

मी मान डोलावली. ते भाषण मला शेवटच्या शब्दापर्यंत पाठ आहे.