तीळ कोणत्या गालावर?

पिक्चरच्या शौकिनाला म्हातारपणी पिक्चर आठवत नाहीत. पिक्चर पाहताना काय काय झालं, तेवढंच आठवतं. आमचंही तसंच झालं आहे. टेलरच्या दुकानात जशा चिंध्या साठतात तसे हे किस्से साठले. उपयोग काही नाही, पण टाकवतही नाहीत!

टेलरचं दुकान म्हणजे दारव्ह्याचं गफूरभाईंचं. त्यांच्या फळीवर संध्याकाळी आम्ही चौघं बसायचो. स्वतः गफूरभाई, प्राथमिक शाळेतले वानखडे गुरुजी, जिनिंगमध्ये काट्यावर कापूस मोजणारा भास्कर, आणि तहसील कचेरीतला कारकून म्हणजे मी. नव्या पिक्चरवर मत देणं हे आमचं काम. पिक्चर पाहिलेलाच असावा, अशी काही अट नव्हती.

कारण पिक्चर यायचाच उशिरा. पक्कं थिएटर यवतमाळला. आमच्याकडे हंगाम आटोपला की टुरिंग टॉकीजचा तंबू लागायचा. मुंबईत लागलेला पिक्चर वर्षा-दोन वर्षांनी आमच्याकडे पोचायचा. ट्रेलर मात्र आधी यायचं. सगळी मतं ट्रेलरवर!

त्या काळात आमच्यापुढे दोनच प्रश्न होते. पुढचा पिक्चर कसा निघेल, आणि भास्करचं लग्न कधी होईल. दुसरा जास्त अवघड होता. भास्कर तिशीला टेकला होता आणि "मुलगा पिक्चरच्या नादी आहे" ही बातमी प्रत्येक स्थळाकडे त्याच्या आधी पोचत होती. त्याला लग्न नको होतं असं नाही. एकदा तो म्हणाला, "घरी गेल्यावर आज काय पाह्यलं असं इचारणारं कोणी नाही ना!" मग लगेच ट्रेलरवर आला.

*

एकदा समुद्रावरच्या एका पिक्चरचं ट्रेलर आलं. बोट, वादळ, किनाऱ्यावर रडणारी हिरॉईन आणि हातात कंदील घेतलेला एक लंगडा माणूस. बस्स, संपलं. पिक्चर काही आला नाही.

दोन हंगाम वाट पाहिली. शेवटी स्टोरी आम्हीच पूर्ण करायला घेतली. आमच्यापैकी कोणी समुद्र पाहिलेला नव्हता, त्यामुळे मतं ठाम होती. गफूरभाईंच्या मते लंगडा हा हीरोचा हरवलेला बाप. गुरुजींच्या मते तो स्मगलर, शेवटी सुधारणारा. भास्करचं म्हणणं एकच, हिरॉईन मरता कामा नये. बरेच दिवस वाद झाला, मग आम्ही हात वर करून मतं घेतली. हिरॉईन वाचली.

आणि मग पिक्चर आला! लंगडा माणूस एका सीनमध्ये कंदील धरतो आणि निघून जातो. पुन्हा दिसतच नाही. हिरॉईन चक्क मरते.

तंबूतून बाहेर आलो. गुरुजींनी भास्करच्या खांद्यावर हात ठेवला. "मनावर घेऊ नका. पिक्चरवाल्यायनं घाई केली."

गफूरभाई म्हणाले, "अपनावाला अच्छा था."

पुढे गावात कोणी त्या पिक्चरची स्टोरी विचारली की आम्ही आमचीच सांगायचो. लोकांना आवडायची.

*

नागपूरला दीक्षा घेऊन आल्यावर गुरुजींनी देवांना हात जोडणं सोडलं. अगदी कडक. पण देवांच्या पिक्चरमधल्या ट्रिक सीनचं काय करायचं, हा प्रश्न राहिला. आभाळातून रथ येतो, डोक्यामागे चक्र फिरतं... गुरुजींना ट्रिक सीन फार आवडायचे. त्यांनी आठवडाभर विचार केला आणि निकाल दिला, "पाहीन. हात जोडणार नाही."

देव पडद्यावर आला, तसा सगळा तंबू उभा राहिला. कापूर लागला, नारळ फुटले. गुरुजी एकटे जमिनीवर हाताची घडी घालून बसलेले. समोर नुसते पाय आणि धोतरं. ट्रिक सीन गेला!

दुसऱ्या दिवशी ते थेट पडद्याखाली जाऊन बसले. सगळे उभे राहिले, हे बसून. त्यांच्या मागे एक म्हातारा होता, गुडघ्यांमुळे त्याला उठता येत नव्हतं. गुरुजी बसल्यामुळे त्याला देव पुरा दिसला. म्हातारा रडायलाच लागला. तिसऱ्या दिवशी तो टॉकीजच्या दारात उभा. "मास्तर आज कुठं बसून राह्यले?"

पिक्चर उतरेपर्यंत गुरुजींना रोज जावं लागलं. आम्ही चिडवायला लागलो तर म्हणाले, "काय करता. म्हाताऱ्याची श्रद्धा हाय. मोडता येते का?"

*

शर्टाचा किस्सा जरा नुकसानीचा आहे.

एका ट्रेलरमध्ये एक माणूस पाठमोरा गाडीतून उतरला. पाठीवर तिरकी पट्टी, उंच कॉलर, बाहीला बटण. दोन सेकंद दिसला असेल. गफूरभाईंनी तेवढ्यात माप घेतलं! दुसऱ्या दिवशी सकाळी कापड कापायला सुरुवात.

मी म्हटलं, "गफूरभाई, तोंड तर दिसलंच नाही."

"अरे बाबू, ऐसी पीठ हीरो की ही होती है."

पोळ्यापर्यंत अर्ध्या गावाच्या अंगावर तो शर्ट होता. भास्कर तर तोच घालून पुसदला मुलगी पाहायला गेला. मुलीच्या बापाने त्याला वरपासून खालपर्यंत पाहिलं, चहा दिला आणि आत निघून गेला. आतून निरोप आला, मुलीच्या मामाला पसंत नाही. भास्करने मामाला पाहिलंसुद्धा नव्हतं.

कारण नंतर कळलं. पुसदला तो पिक्चर आधीच येऊन गेला होता. आमच्याकडे आला तेव्हा तंबू गच्च भरला. गाडी आली, तो माणूस उतरला, वळला. विलन! पुढच्याच रिळात तो बायकोला धर्मशाळेत सोडून पळून गेला, तोही त्याच शर्टात. तंबूतल्या लोकांनी पडद्याकडे पाहणं सोडलं आणि एकमेकांकडे पाहायला लागले.

गफूरभाई तेवढे शांत. म्हणाले, "विलन हुआ तो हुआ, फिटिंग देखो."

*

यानंतर भास्करची आई, आमच्या काकू, दुकानावर आल्या. डोक्यावरून पदर, हातात भाजीची पिशवी.

"तुम्हीच माह्या पोट्ट्याले बिघडवलं! पिच्चर पाहून कोणाचं भलं झालं का? माह्या डोळ्यांदेखत याचं लग्न होते का नाही, सांगा मले!"

गफूरभाई मशीनमागे वाकून सुई शोधायला लागले. गुरुजींनी शब्द दिला की याच वर्षी जमवू. काकू भाजी घेऊन गेल्या. बोलणं खोटं नव्हतं, आम्हाला लागलं.

यवतमाळचं एक स्थळ गुरुजींनीच आणलं. घर चांगलं, मुलगी शांत. मुलीचे वडील अभिमानाने म्हणाले, "आमच्या मुलीनं आजपावेतो एकही पिक्चर पाहिला नाही." भास्करने चहा संपवला, कपबशी नीट ठेवली आणि उठला.

बाहेर आल्यावर मी रागावलो. "काहून उठला बे?"

"तिच्याशी जन्मभर बोलू काय मी?" भास्कर म्हणाला.

*

मग दिग्रसची कुसुम.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. टुरिंग टॉकीजच्या तंबूत पडदा मधोमध असायचा. पुढे पुरुष, मागे बाया. पडदा पातळ, त्यावर पाणी मारलं की चित्र दोन्हीकडून दिसायचं. मागून दिसायचं ते आरशातल्यासारखं उलटं. हे सगळ्यांनाच माहीत होतं, म्हणून कोणी त्याचा विचार करत नसे.

मुलीचे वडील किराणा दुकानदार. आम्ही चौघं आणि काकू सतरंजीवर बसलो. पोहे आले, कुसुम आली. भास्करने विचारलं, "पिक्चर पाहता का?"

वडिलांनी 'नाही' म्हणायला तोंड उघडलं. तेवढ्यात कुसुम म्हणाली, "पाहते." वडिलांनी तोंड मिटलं.

"कोणता हीरो आवडते?"

"तीळवाला."

आम्ही चौघांनी एकदम श्वास सोडला. हीरोंची खरी नावं तेव्हा कोणी घेत नसे. गालावर तीळ तो तीळवाला, दारव्ह्यातही आणि दिग्रसलाही. भास्करचा चेहरा असा खुलला की इथेच थांबायला हवं होतं. पण शौकीन माणूस!

"मलेही तोच. डाव्या गालावरचा तो तीळ..."

"उजव्या," कुसुम म्हणाली.

"डाव्या."

"उजव्या गालावर हाय."

वडील म्हणाले, "पोरी, पाहुण्यायसमोर वाद घालू नये." मग जरा थांबून, "तसा डाव्याच गालावर हाय."

स्वयंपाकघराच्या दारातून मुलीची आई, "उजव्या!" तिच्या मागून आत्या, "उजव्याच!" गफूरभाई म्हणाले, "लेफ्ट है." मीही डावा म्हणालो. तेवढ्यात माझ्या शेजारून आवाज आला.

"उजव्याच गालावर हाय. हासला का अजून मोठा दिसते."

काकू!

भास्कर वळला. "आई, तुले काय माहीत?"

काकूंनी मुलीच्या आईला विचारलं, "पोह्यात तुम्ही साखर टाकता का हो?"

पण आता गंमत राहिली नव्हती. मुलीचे वडील ताठ बसले. "तीळ कुठंही असो, माही पोरगी खोटं बोलत नाही."

"मंग मी खोटं बोलून राह्यलो का?" भास्करचा आवाज चढला.

कुसुमचे डोळे भरले, पण ती 'डाव्या' म्हणाली नाही. पोहे गार झाले. हे स्थळही गेलं, असं मला वाटलं आणि या वेळी फार वाईट वाटलं. कारण भास्कर एखाद्या मुलीशी इतकं पहिल्यांदाच बोलला होता.

गुरुजींनी बशी खाली ठेवली. "बाई, टॉकीजमध्ये तुम्ही कुठं बसता?"

"पडद्याच्या मागं. सगळ्या बाया तिथंच बसतात."

"अन सुरुवातीची नावं?"

"उलटी दिसतात. सवय झाली, वाचता येतात आता."

गुरुजी वडिलांकडे वळले. "मंग लग्नाच्या याद्या करायला हरकत नाही. दोघंही खरं बोलून राह्यले."

सगळ्यांना कळायला थोडा वेळ लागला. भास्करला सगळ्यात जास्त. मग तो हळूच म्हणाला, "म्हणजे तलवार तो डाव्या हातानं चालवते, असं दिसते तुम्हाले?"

"हो. अन तुम्हाले?"

हे दिवे लागेपर्यंत चाललं. वडिलांनी दोनदा घड्याळाकडे पाहिलं.

*

लग्न झालं. थोड्याच दिवसांत आमच्याकडे तंबू लागला, तीळवाल्याचाच नवा पिक्चर. दारातून कुसुम काकूंबरोबर बायांच्या बाजूला गेली. हो, काकू आता उघडपणे यायच्या. भास्करसाठी आम्ही नेहमीची जागा धरून ठेवली होती. पिक्चर सुरू झाला तरी तो आला नाही.

गफूरभाईंनी मला ढोसलं आणि बोट दाखवलं. पडद्याच्या कडेला बांबू रोवलेला असतो, तिथून पुरुष आणि बायांमध्ये दोर बांधतात. दोराच्या अलीकडे भास्कर उभा होता. पलीकडे कुसुम. तिथून पडदा ना पुढून दिसतो ना मागून, नुसती त्याची कड दिसते.

टॉकीजचा माणूस बॅटरी घेऊन गेला. "ओ भाऊ, इथून काहीच दिसत नाही!"

"बरं," म्हणाला भास्कर, आणि तिथेच उभा राहिला.

पिक्चर चांगलाच लांब होता. मशीन एकच, त्यामुळे रीळ बदलायला दोनदा इंटर्व्हल झाली. दोन्ही वेळा आम्ही हात केले. त्यांनी पाहिलं नाही.

घरी जाताना वाटेत गाठ पडली. गफूरभाईंनी विचारलं, "कैसा था पिक्चर?"

भास्करने कुसुमकडे पाहिलं. कुसुमने पदर सावरला.

"चांगला होता, भाऊजी," ती म्हणाली. "पण लवकर संपला."