शंभराला सात कमी

कामथडीजवळ हायवेला लागून पत्र्याच्या पेट्या बनवणारा एक लहानसा कारखाना आहे. तिथे मी हजेरी मांडते, प्रथमोपचाराच्या पेटीची किल्ली सांभाळते आणि कुणाला लागलं-कापलं तर वहीत नोंद करते. नसत्या चौकशा करायची मला खोड आहे. कामगार पाठीमागे मला काय म्हणतात तेही मी चौकशी करूनच शोधलंय. ‘चौकशीची खिडकी’ म्हणतात.

फाटकाशी एक काळा फळा आहे. वर रंगवलंय ‘अपघाताशिवाय दिवस’, आणि खालचा आकडा रोज सकाळी खडूने मी लिहायची. शंभर दिवस भरले की प्रत्येकाला एक कुकर, ही कल्पनाही माझीच. साहेबांना ती इतकी पसंत पडली की त्यांनी सगळ्यांना माझ्यासाठी टाळ्या वाजवायला लावल्या. फळा नव्वदीत गेला, वही कोरी राहिली आणि मी मिरवत होते.

मला कोडं पडलं ते भलत्याच गोष्टीचं. पाण्याच्या टाकीमागे दगडीपाला माजलेला असायचा. यंदा लांब देठांवर पिवळी फुलं डुलत होती, पण खाली पानंच नव्हती. आधी शेळीवर संशय घेतला. पण शेळीने फुलंही ठेवली नसती, आणि ती आत शिरली असती तर वॉचमनने आरडाओरडा करून गाव गोळा केलं असतं. मग वाटलं, कुणी घरी ससे पाळलेत की काय! हा पाला कशाला लागतो हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. सारोळ्याला लहानपणी माझा गुडघा फुटला की आई तोच चोळायची. पण इथे पेटी होती, पेटीत औषध होतं, किल्ली माझ्या कमरेला होती. त्यामुळे तिकडे डोकं गेलंच नाही.

शेवटी जेवणाच्या सुट्टीत डबा घेऊन टाकीकडच्या खिडकीत जाऊन बसले. दुसऱ्याच दिवशी प्रेसवर काम करणाऱ्या एक मावशी आल्या. वेल्ह्याच्या वाटेवरच्या डोंगरवस्तीतल्या. घरच्या शेळ्यांच्या धारा काढून मग कामाला येणाऱ्या. त्यांनी इकडेतिकडे बघितलं, पानं खुडली, तळहातावर चुरगळली आणि हातमोजा काढून उजव्या हाताच्या बोटावर रस पिळला. मी जेवण तसंच टाकून धावले.

“मावशी, काय झालं बोटाला?”

“काय न्हाई म्याडम. पत्रा लागलाय.”

“कधी?”

“परवा.”

बोट टम्म सुजलं होतं, नख काळंनिळं झालं होतं. मी चिडलेच. “आणि मला सांगता येत नव्हतं?”

“सात दिस राह्यलेत शंभराला. माज्या एका बोटापायी समद्यांचा कुकर घालवू व्हय? आन् म्या एकलीच न्हाई. समदीच हितं येत्यात.”

परवा म्हणजे मी फळ्यावर एक्क्याण्णव लिहिलं तो दिवस. ज्या खिडकीला सगळं कळतं, तिच्यापासून सगळा कारखाना आपल्या जखमा लपवत होता, आणि लपवायला मीच लावलं होतं.

साहेबांना सांगून मी टेम्पो काढायला लावला. कापूरहोळवरून भोर येईपर्यंत मावशी एकच विचारत होत्या, “बोट ऱ्हाईल न्हवं? धारंला लागतं वो.” दवाखान्यात डॉक्टरांनी चीर देऊन पू काढला. बोट वाचेल म्हणाले, पण बोट वाकवणारी आतली शीर तुटलीय. त्याच दिवशी आणलं असतं तर जोडता आली असती, आता ते वाकायचं नाही. मावशींनी मान डोलावली. मला मात्र तिथे उभं राहवेना.

दुसऱ्या दिवशी मी त्र्याण्णव पुसून शून्य लिहिलं. आता सगळे माझ्यावर तुटून पडणार असं वाटत होतं. दुपारपर्यंत मात्र माझ्या खिडकीशी तिघं येऊन उभी राहिली. एकाचं मनगट भाजलेलं, एकीच्या डोळ्यात पत्र्याचा कीस गेलेला, एकाच्या तळव्यात पत्र्याची कूस रुतलेली. मी एकेकाचं लिहून घेतलं आणि पेटी उघडली. पेटीचं झाकण गंजलं होतं.

टाकीमागचा पाला आता पुन्हा गुडघ्याएवढा झालाय. महिन्याभराने मावशी कामावर परतल्या तेव्हा मी विचारलं, “धार जमते का?”

“डाव्या हातानं काढती. पर शेळी लाथ मारती. तिला हात वळखू येईना.”

वहीत शेवटचा रकाना ‘परिणाम’ असा आहे. त्यात मी ‘बोट वाकत नाही’ एवढंच लिहिलं. शेळीचं लिहायला जागा नव्हती.